मेंढपाळांचे 'प्रबोधन' : एका संवर्धनविषयक भूमिकेची चिकित्सा
(दख्खनच्या माळरानाच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२२ मध्ये ठराव करून २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय कुरणभूमी आणि पशुपालक वर्ष म्हणून जाहीर केले. या निमित्ताने पशुपालक आणि वन्यजीव यांच्या संबंधांची चर्चा नव्याने होत आहे. तिच्या केंद्रस्थानी बहुधा एक विधान असते : वन्यजीव क्षेत्रांलगतच्या मेंढपाळांना शाश्वत चराईच्या व स्थलांतराच्या पद्धती स्वीकारण्यास प्रवृत्त केले पाहिजे. वरवर पाहता या विधानात आक्षेप घेण्याजोगे काही नाही. चराई मर्यादेत राहावी, गवताला वाढीस अवधी मिळावा आणि वन्यप्राण्यांना त्यांचा वाटा मिळावा, हे कोण नाकारील ?

तथापि, विधान निर्दोष दिसते म्हणून त्यातील गृहीतके निर्दोष असतीलच असे नाही. 'प्रवृत्त करणे' किंवा 'प्रबोधन करणे' या क्रियापदांत करणारा एक असतो आणि ज्याच्यावर ती क्रिया होते तो दुसरा असतो. एकाकडे ज्ञान आहे व दुसऱ्याकडे ते नाही, एकाने बदलायचे व दुसऱ्याने बदलवायचे, अशी विभागणी या भाषेतच होऊन जाते. प्रस्तुत लेखात पश्चिम महाराष्ट्रातील धनगर मेंढपाळ आणि दख्खनचे माळरान यांच्या संदर्भात या भूमिकेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : दख्खनच्या माळावर चराईचा शाश्वतपणा मेंढपाळाच्या मनोवृत्तीपेक्षा त्याच्या फिरतीवर अवलंबून आहे, आणि ती फिरती खंडित करणारी कारणे बहुतांशी त्याच्या हाताबाहेरची आहेत. म्हणून येथे आवश्यकता प्रबोधनाची नसून कराराची आहे.

पहिले गृहीतक : माळरान म्हणजे उजाड झालेले वन

माण, खटाव, आटपाडी, जत, कर्जत, करमाळा, मोहोळ हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेश. उथळ मुरमाड जमीन, अनिश्चित पाऊस आणि त्यावर उगवणारे पवन्या, मारवेल, कुसळी यांसारखे गवत, अधूनमधून बोर, बाभूळ, हिवर, तरवड अशी त्याची प्रकृती आहे. या भूमीकडे पाहणाऱ्या प्रशासकीय दृष्टीला येथे वृक्षांचा अभाव दिसला आणि त्या अभावाचे कारण म्हणून मेंढी-शेळी सापडली. सरकारी वर्गवारीत अशा जमिनीचा मोठा भाग 'पडीक' या सदरात गेला. जी जमीन पडीक ठरते तिच्यावर काहीही करणे ही सुधारणाच ठरते, मग ते वृक्षारोपण असो, औद्योगिक वसाहत असो वा सौरऊर्जा प्रकल्प असो.

अलीकडील संशोधनाने या गृहीतकाला तडा दिला आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्ययुगीन मराठी वाङ्मय, लोकगीते व आख्यायिका यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्राचा हा भाग किमान साडेसातशे वर्षांपासून मोकळ्या, विरळ झाडांच्या गवताळ स्वरूपाचा आहे, असे त्यातून दिसून येते. म्हणजेच माळ हा वनाचा अवशेष नसून स्वतंत्र परिसंस्था आहे. मराठीच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावे असे त्यात आणखी एक आहे. आपण ज्याला केवळ धार्मिक वा वाङ्मयीन ऐवज मानतो, तो भूमीच्या इतिहासाचाही पुरावा ठरू शकतो.

राष्ट्रीय पातळीवर पाहिले तरी चित्र वेगळे नाही. एम. डी. मधुसूदन व अबी वनक यांनी उपग्रहीय छायाचित्रांच्या साहाय्याने देशातील निमशुष्क खुल्या परिसंस्थांचा नकाशा तयार केला. त्यांच्या अभ्यासानुसार अशा क्षेत्राचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित आहे. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, माळढोक, धाविक, चंडोल यांचे जगणे उरलेल्या, असंरक्षित भागावर अवलंबून आहे. हा उरलेला भाग बव्हंशी मेंढपाळाच्याच वाटेवर आहे.

दुसरे गृहीतक : मेंढपाळाला ज्ञान नाही

धनगर हा एकजिनसी समाज नाही. कैलाश मल्होत्रा व माधव गाडगीळ यांनी १९८० च्या सुमारास केलेल्या अभ्यासांतून असे दाखवून दिले की, धनगरांच्या विविध पोटजाती वेगवेगळ्या पर्जन्यमानाच्या व वनस्पतींच्या प्रदेशांशी निगडित आहेत. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील गवळी धनगर म्हशी पाळतात, तर पर्जन्यछायेतील मेंढपाळ काटक, जाड लोकरीची दख्खनी मेंढी पाळतात. निसर्गाची ही वाटणी कोणत्याही प्रबोधन मोहिमेतून आलेली नाही. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांच्यावरील आपल्या १९७६ मधील ग्रंथात पशुपालकांची दैवते आणि त्यांचा भूप्रदेश यांचा संबंध उलगडून दाखवला. वारुळे, पाणवठे, खिंडी, जत्रा यांच्या साखळीत मेंढपाळांच्या वाटांची स्मृती टिकून राहिली आहे.

फिरतीचा क्रम साधारणपणे असा : पावसाळ्यात कळप मूळ गावाच्या माळावर असतो. दसरा-दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाडे बाहेर पडतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही भीमा-नीरेच्या खोऱ्यातील काढणी झालेल्या शेतांकडे वळतात. रात्री वाघर लावून मेंढ्या शेतात बसवल्या जातात. लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरी धान्य वा पैसे देतो. मृगाच्या सुमारास कळप परततो. या क्रमात माळाला वर्षातील सात-आठ महिने मोकळीक मिळते. शास्त्रीय परिभाषेत ज्याला आवर्ती चराई म्हणतात, ती येथे पंचांगाच्या साहाय्याने पार पडते.

व्यंकटेश माडगूळकर यांची १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'बनगरवाडी' ही कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. माणदेशातील एका धनगरवाडीत शिकवण्यासाठी आलेला तरुण मास्तर हा तिचा निवेदक आहे. तो शिकवण्यासाठी येतो आणि हळूहळू स्वतःच त्या जीवनाचा विद्यार्थी होतो. कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ पडतो व माणसे वाडी सोडून जातात. समीक्षेने या शेवटाकडे उद्ध्वस्ततेचे चित्र म्हणून पाहिले असेल, तर ते चुकीचे नाही. पण पशुपालकाच्या परिस्थितीकीतून पाहता निघून जाणे हा दुष्काळाला दिलेला प्रतिसादही आहे. पाऊस जिथे हुकतो तिथे न थांबणे हीच या प्रदेशातील पशुपालनाची मूळ युक्ती होय. शाळा गाव गृहीत धरते आणि कळप वाट गृहीत धरतो, हा पेच माडगूळकरांनी कोणतीही भूमिका न मांडता दाखवला आहे. आपल्या धोरणांना तो अद्याप नीट दिसलेला नाही.

तिसरे गृहीतक : फिरणे वा न फिरणे मेंढपाळाच्या हाती आहे

स्थलांतराच्या 'शाश्वत पद्धती स्वीकारा' असे सांगताना वाट मोकळी आहे असे आपण मानून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. कालव्यांमुळे जिरायत पट्टे उसाखाली गेले आणि काढणीनंतर मोकळी राहणारी शेते कमी झाली. गायराने आकसली. महामार्ग रुंद झाले व कळपासह ते ओलांडणे जोखमीचे झाले. फळबागांना तारेची कुंपणे आली. जिथे माळ उरला तिथे वनविभागाने सलग समतल चर खोदून रोपवन केले आणि काही वर्षांसाठी चराई बंद केली. मेंढपाळाला एका मोसमात जे दहा माळ मिळत होते त्यांतले चार उरले, तर त्या चारांवर ताण पडणारच. फिरती आखडल्यामुळे झालेली अतिचराई मग फिरस्त्याच्या अज्ञानाच्या खात्यावर जमा होते.

या संदर्भात महाराष्ट्राला अभिमानास्पद वाटणाऱ्या एका प्रयोगाकडेही चिकित्सक दृष्टीने पाहिले पाहिजे. राळेगणसिद्धी व हिवरेबाजार या गावांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान या सूत्रांच्या आधारे पाणलोट विकास साधला, आणि पुढे आदर्श गाव योजनेने ही सूत्रे स्वीकारली. या गावांचे यश वादातीत आहे. परंतु चराईबंदीचा निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेत कोण बसलेले असते ? त्या गावचे रहिवासी. वर्षातून दोनदा त्या शिवारातून जाणारा परगावचा मेंढपाळ त्या सभेचा सदस्य नसतो. गावाच्या दृष्टीने जी स्वयंशिस्त असते ती त्याच्या दृष्टीने बाहेरून आलेली बंदी ठरते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये सामायिक साधनांच्या व्यवस्थापनाविषयी जी तत्त्वे मांडली, त्यांत नियमांनी बांधल्या जाणाऱ्यांचा नियम ठरवण्यात सहभाग असावा हे एक प्रमुख तत्त्व आहे. गाव हेच एकक मानले की फिरस्ता या तत्त्वाबाहेर फेकला जातो.

बंदीचा अनुभव : भरतपूर आणि नान्नज

केवळ बंदीने वन्यजीवांचे हित साधत नाही, याचे सर्वपरिचित उदाहरण राजस्थानातील भरतपूरचे आहे. केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये म्हशी व गुरे चारण्यास बंदी घालण्यात आली. विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात काहींचा मृत्यू झाला. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घकालीन अभ्यासातून असे निष्पन्न झाले की, म्हशींची चराई थांबल्याने पाणथळीतील गवत बेसुमार माजले आणि ज्या पाणपक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांच्याच अधिवासाची हानी झाली. ज्ञान मिळाले, पण माणसे दगावल्यानंतर मिळाले. हा क्रम उलटा असायला हवा होता.

महाराष्ट्राचे स्वतःचे उदाहरण सोलापूरजवळच्या नान्नजचे आहे. दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली राखलेल्या गवताच्या पट्ट्यांत माळढोक पक्षी दिसू लागले आणि १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील सुमारे ८,५०० चौ. कि. मी. क्षेत्राचे अभयारण्य घोषित झाले. एवढ्या मोठ्या क्षेत्रात शेते, गावे, बाजारपेठा सर्व काही आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि माळढोक हा लोकांच्या दृष्टीने संकटाचा पक्षी झाला. पुढे फेररचनेत हे क्षेत्र सुमारे १,२०० चौ. कि. मी. पर्यंत कमी करण्यात आले. याच काळात राखीव गवताळ पट्ट्यांवर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली आणि उघड्या माळावर राहणाऱ्या पक्ष्याला ती प्रतिकूल ठरली. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने माळढोकाला 'अतिसंकटग्रस्त' वर्गात टाकले. आज देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरले असून ते बहुतांशी राजस्थानात आहेत, आणि नान्नजचा माळ जवळजवळ रिता झाला आहे. या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. शेतीचा विस्तार, वीजवाहिन्या, शिकार व वृक्षारोपण ही त्यांतील काही. चराईचा वाटाही असेल. पण चार दशके सर्वाधिक बोट ज्याच्याकडे दाखवले गेले तो मेंढपाळ यांतील बहुतेक कारणांचा कर्ता नव्हता.

दुसरी बाजू

येथपर्यंतच्या विवेचनातून मेंढपाळ हा निसर्गाचा जन्मजात रक्षक आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्रबोधनवादी भूमिका जितकी एकांगी, तितकीच ही भावुक भूमिकाही एकांगी आहे. काही अडचणी स्पष्टपणे नोंदवल्या पाहिजेत.

पहिली अडचण काळाची. कळप माळावर असतात तो पावसाळा हाच जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. माळढोक जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. कळपाची वा कुत्र्याची एक फेरी त्याचे वर्ष वाया घालवू शकते. म्हणजे स्थलांतराने आठ महिने मिळालेली सवलत उरलेल्या चार महिन्यांतील प्रश्न सोडवत नाही.

दुसरी अडचण रोगांची. शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर हा विषाणुजन्य रोग वन्य खुरधारींनाही होतो. २०१६-१७ मध्ये मंगोलियातील सायगा हरणांचा मोठा भाग या रोगाने मेला. काळवीट व चिंकारा यांच्या लहान, विखुरलेल्या कळपांसाठी हा धोका काल्पनिक नाही.

तिसरी अडचण कुत्र्यांची. भटक्या व मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांपासून लांडग्यांना रोग होतात. शिवाय पुणे परिसरातील लांडग्यांत कुत्र्यांशी संकर झाल्याचे जनुकीय पुरावे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय लांडग्यांची संख्या सुमारे तीन हजार असताना ही बाब गंभीर आहे. मात्र यातही वाड्यावरचा राखणीचा कुत्रा हा एक भाग आहे. गावकुसाबाहेरचा कचरा आणि कोंबड्यांच्या मांसाचे अवशेष उघड्यावर टाकण्याची पद्धत यांवर वाढणारे कुत्रे हा दुसरा आणि मोठा भाग आहे.

चौथी अडचण खुद्द लांडग्याची. जिथे काळवीट-चिंकारा कमी झाले तिथे लांडगा कोकरांवर जगतो. बरेच मेंढपाळ हे नुकसान सोसतात, पण सर्वच सोसतात असे नाही. बिळे बुजवण्याचे व विष घालण्याचे प्रकार घडतात. नुकसानभरपाई आहे, परंतु पंचनाम्याची प्रक्रिया एका जागी राहणारा अर्जदार गृहीत धरते. अधिकारी येईपर्यंत मृत मेंढीजवळ थांबायचे की उरलेला कळप घेऊन पुढच्या पाणवठ्याकडे निघायचे, हा प्रश्न ज्याच्यापुढे असतो तो बहुधा दुसरा पर्याय निवडतो.

कायद्याची वाट

या अडचणी सोडवण्यासाठी आवश्यक असलेला आधार प्रचलित कायद्यांत बऱ्याच अंशी आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात चराईस मनाई आहे. अभयारण्याची गोष्ट निराळी आहे. तेथे मुख्य वन्यजीव रक्षक जनावरांची चराई व ये-जा यांचे नियमन करू शकतो, नियंत्रण करू शकतो किंवा मनाईही करू शकतो. नियमन, नियंत्रण आणि मनाई हे तीन स्वतंत्र पर्याय आहेत, परंतु व्यवहारात पहिले दोन ओलांडून तिसऱ्यावर येण्याची प्रवृत्ती दिसते. याच अधिनियमात १९९१ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३३-अ अभयारण्यातील व त्याभोवतीच्या पाच कि. मी. परिसरातील जनावरांच्या लसीकरणाची उपाययोजना करण्याचे कर्तव्य मुख्य वन्यजीव रक्षकावर सोपवते. म्हणजे मेंढपाळाने जनावरांना लस टोचून घ्यावी असे प्रबोधन करण्यापूर्वी लस वेळेवर वाड्यापर्यंत पोहोचवणे हे शासनाचे वैधानिक काम आहे.

वनहक्क अधिनियम, २००६ मधील कलम ३ स्थायी व फिरस्त्या अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क मान्य करते. परंतु महाराष्ट्रात धनगर अनुसूचित जमातींत नसल्याने त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचा पत्ता दर पंधरवड्याला बदलत होता त्याने एका ठिकाणचा पाऊणशे वर्षांचा पुरावा आणायचा कोठून ? कायद्याने फिरस्त्याला ओळखले, पण पुराव्याच्या नियमाने त्याला पुन्हा दाराबाहेर उभे केले.

करार म्हणजे काय

प्रबोधनाऐवजी करार असे म्हणताना अभिप्रेत आहे ती उभयपक्षी, लिखित आणि हंगामनिहाय व्यवस्था. अशा व्यवस्थेचा एक नमुना हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात आढळतो. किब्बर गावाने १९९८ च्या सुमारास चारुदत्त मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांशी बोलणी करून आपल्या कुरणाचा सुमारे पाच चौ. कि. मी. भाग मोबदल्याच्या बदल्यात चराईमुक्त ठेवला. पुढे हिमबिबट्याने मारलेल्या जनावरांसाठी विमा योजना उभी राहिली. चराईमुक्त भागात भरल या वन्य मेंढीची संख्या वाढली. स्पितीचे गाव स्थायी आणि दख्खनचा वाडा फिरता, हा फरक मोठा असल्याने योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. तरी तिच्यातील तत्त्व घेण्यासारखे आहे : त्याग मागायचा तर मोबदला ठरवून मागायचा, आणि क्षेत्र व मुदत स्पष्ट करून मागायचा.

दख्खनच्या माळासाठी अशा करारात किमान पाच बाबी असाव्यात. विणीच्या काळात नेमके कोणते पट्टे वर्ज्य राहतील आणि त्या बदल्यात कोणती रोपवने वा कुरणे खुली होतील. स्थलांतराच्या वाटा व मुक्कामाची ठिकाणे अभिलेखात नोंदवून ती अन्य वापरासाठी देण्यापूर्वी मेंढपाळांचे म्हणणे ऐकले जाईल. पीपीआर, लाळ्या-खुरकूत व आंत्रविषार यांच्या लसी निघण्यापूर्वी व परतल्यावर मिळतील, आणि राखणीच्या कुत्र्यांनाही टोचल्या जातील. लांडग्याने मारलेल्या मेंढीचा पंचनामा जिथे वाडा असेल त्या तालुक्यात, भ्रमणध्वनीवरील छायाचित्राच्या आधारे होईल. आणि वर्ज्य पट्ट्यांत वृक्षारोपण न करण्याचे बंधन वनविभाग स्वतःवर घालून घेईल. या पाचांपैकी पहिल्या बाबीत मेंढपाळाला काही सोडावे लागते. उरलेल्या चारांत प्रामुख्याने शासनाला काही करावे लागते. प्रबोधनाच्या भाषेत हे प्रमाण नेमके उलटे दिसत होते.

समारोप

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाच्या शोकांतिकेचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यांच्या उदाहरणातील मेंढपाळ एकमेकांशी बोलत नव्हते. प्रत्येक जण एकटा हिशेब करीत होता. आपल्या संवर्धन-चर्चेतील मेंढपाळही असाच मुका आहे. त्याच्याविषयी बोलले जाते, त्याला सांगितले जाते, पण त्याच्याशी बोलणी होत नाहीत. नान्नजच्या अनुभवाने दाखवून दिले आहे की, या अबोल्याची किंमत केवळ माणसालाच नव्हे तर पक्ष्यालाही मोजावी लागते. माळढोकाच्या बाबतीत महाराष्ट्राने बहुधा उशीर केला आहे. लांडगा, काळवीट व चिंकारा यांच्या बाबतीत अद्याप अवधी आहे.

माळरानाच्या परिसरातील महाविद्यालयांना या कामात प्रत्यक्ष भूमिका घेता येईल. भूगोल विभागाने आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या वाड्यांच्या वाटा नकाशावर आणाव्यात. मराठी विभागाने ओव्या, सुंबरान व स्थळनामे यांतील गवत-पाण्याच्या नोंदी गोळा कराव्यात. प्राणिशास्त्र विभागाने विणीच्या जागा व काळ नोंदवावेत. समाजशास्त्र व विधी यांच्या अभ्यासकांनी चराईहक्काच्या पुराव्यांची जुळवणी करावी. आपल्या वर्गात त्या वाड्यांवरची मुले बसलेली असतात, त्यांच्याकडून या कामाची सुरुवात होऊ शकते. अर्थात त्यासाठी 'बनगरवाडी'तील मास्तराप्रमाणे प्रथम काही काळ ऐकून घेण्याची तयारी हवी.